तीन साधने बदलली, दोष घड्याळात सापडला

वेगवेगळ्या लांबीच्या लंबकांच्या हलण्यातून उमटणाऱ्या लहरीचा अ‍ॅनिमेशन प्रकल्प एसव्हीजीतून (ब्राउझरमध्ये प्रत्येक आकृती वेगळी ठेवणारी चित्रपद्धत) कॅनव्हासवर (सगळे चित्र एकाच पटावर रंगवणारी पद्धत) नेत असल्याचे मी मागच्या वेळी कळवले होते. ते काम पूर्ण झाले, त्यानंतर तोच प्रकल्प पिक्सी या चित्रे वेगाने हलवणाऱ्या लायब्ररीवरही बांधून पाहिला, आणि आता सर्व काही पुन्हा एसव्हीजीत आणून ठेवले आहे. ज्या दोषाला कंटाळून मी साधने बदलत राहिलो, तो दोष प्रत्येक साधनात माझ्यासोबत येत होता, हे फार उशिरा उमगले.

लंबक पंधरा आहेत. सर्वांत लांब लंबकाने ६० सेकंदांत ५१ आंदोलने करावीत, त्याच्या शेजारच्याने ५२, आणि असे करत सर्वांत आखूड लंबकाने ६५; म्हणजे ६०व्या सेकंदाला सगळे पुन्हा एका रेषेत येतात. फ्लॅश या ब्राउझरमधील जुन्या अ‍ॅनिमेशन साधनाच्या फाइलमध्ये हे बिनचूक जमत असे. २०२० अखेर फ्लॅश प्लेअर बंद झाला, तेव्हापासून ही लहर नव्याने बांधायचे मनात होते. परंतु नव्या रूपात माझ्या संगणकावर ६०व्या सेकंदाला जुळणारी रेषा टॅबलेटवर कधी ३०व्या, कधी ६०व्या, तर कधी अधल्यामधल्याच सेकंदाला जुळू लागली. एसव्हीजीचे पंधरा गट हलवणे ब्राउझरला जड जात असावे, असा माझा पहिला तर्क होता. तो किती बालिश होता हे आता कळते, कारण जड काम मंदावते, दुप्पट वेगाने धावत नाही.

कारण साधे होते. माझा कोड रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेमच्या, म्हणजे पुढची फ्रेम (चित्र) काढायची वेळ झाली की ब्राउझर देतो त्या, प्रत्येक हाकेला लंबकांना ठरावीक पाऊल पुढे ढकलत होता. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावर अशा हाका १६.७ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, तर १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंदांच्या, आणि टॅबलेट बॅटरी वाचवण्यासाठी या दोन्हींत मनाप्रमाणे ये-जा करत होता. फ्लॅशमध्ये फ्रेमचा वेग आपण फाइलमध्येच ठरवत असू, त्यामुळे ‘फ्रेम म्हणजे वेळ’ हे समीकरण वर्षानुवर्षे हातात मुरले होते. ते मी न तपासता नव्या घरात आणले.

उपाय म्हणून सेकंदाला २४० पावलांचे स्थिर गणित बसवले आणि फ्रेम कधीही आली तरी मधला वेळ साठवून तेवढी पावले टाकायची, असे ठरवले. वेग सर्वत्र सारखा झाला, पण रेषा ६० ऐवजी ६१व्या सेकंदाला जुळू लागली. या एका सेकंदाने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. पावले आणखी बारीक केली, गोलांकन तपासले, तरी फरक पडेना. शेवटी लक्षात आले की मी सर्व लंबक ३० अंशांवरून सोडत होतो आणि समीकरणात खरी साइन वापरत होतो. एवढ्या मोठ्या कोनाला आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ६० सेकंदांचे ६१ होणारच. गणित चोख होते, अपेक्षा चुकीची होती.

तेवढ्यात ब्राउझरच्या टॅबचा त्रास उद्भवला. टॅब झाकला की हाका थांबतात, आणि दहा मिनिटांनी परतल्यावर माझा कोड साचलेली १,४४,००० पावले एका दमात टाकू पाहतो व पडदा गोठतो. पावलांना मर्यादा घालता आली असती, पण तेव्हा वेगळाच विचार सुचला: पावले टाकायचीच कशाला? साइनऐवजी थेट कोनच घेणारे लहान कोनाचे सूत्र स्वीकारले तर क्षण कळला की लंबकाची जागा कोसाइनने थेट मिळते. हाकेसोबत येणारी वेळ तेवढी वाचायची आणि त्या वेळेचे चित्र काढायचे. टॅब कितीही वेळ झाका, परतल्यावर लंबक जिथे असायला हवेत तिथेच दिसतात.

पंधरा आकृत्यांसाठी वेबजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याची पद्धत) वापरणाऱ्या पिक्सीची गरज उरली नाही. हजारो स्प्राइट (छोटी चित्रे) नाचवायचे असतील तर मी आजही प्रथम तेच उघडीन. कॅनव्हासवर कोणत्या गोळ्याला बोट लागले हे स्वतः मोजावे लागते, एसव्हीजीत प्रत्येक गोळा स्पर्श स्वतःच ओळखतो. जीसॅप या अ‍ॅनिमेशन लायब्ररीची टाइमलाइन मला मनापासून आवडते, आणि २०२५पासून ते सर्व प्लगिनांसह मोफत झाल्याने मोहही झाला होता. पण क्रमाने घडणाऱ्या दृश्यांसाठी ती सोयीची आहे, माझ्या लंबकांना क्रम नाही. लॉटी या कामासाठी मी विचारातच घेतले नाही, कारण आधी रचून ठेवलेली हालचाल वाजवणे हे त्याचे मुख्य काम आहे.

या आठवड्यातील खरा आनंद मात्र एका ओळीचा आहे. गोळा बोटाने ओढताना पान सरकू लागे आणि ओढ मध्येच तुटे. स्टाइलमध्ये टच-अ‍ॅक्शन ‘नन’ केले (म्हणजे स्पर्शाने पान सरकणे बंद) आणि पॉइंटर, म्हणजे बोटाचा स्पर्श, गोळ्याशी बांधून टाकला, तेव्हापासून ओढणे लोण्यासारखे झाले आहे.

सध्या गोळा सोडताना तो स्थिर आहे असे गृहीत धरून मी फक्त नवा कोन आणि नवा आरंभक्षण नोंदवतो. हे लिहिताना सुचले की सोडतानाचा वेगही हिशेबात घेता येईल: कोनाचा वर्ग, अधिक कोनीय वेग भागिले कोनीय वारंवारता याचा वर्ग, या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे नवा विस्तार (सर्वाधिक कोन), आणि कला (फेज, म्हणजे आंदोलन कुठवर आले ते) आर्कटॅन्जंटने मिळेल. म्हणजे गोळा झोकून देता येईल आणि तरीही एकही पाऊल मोजावे लागणार नाही. त्यामुळे पुढच्या वेळी घर्षणाचा स्लायडर दाखवण्याचा बेत मी मागे ढकलत आहे. आधी झोकणे, आणि एकट्याने भरकटलेल्या लंबकाला पुन्हा रांगेत आणणारे बटण.