इंजिनाचे तास बघून काय कळतंय?

बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालायला लागल्यापासून उद्यमबागेतल्या कारखानदार दोस्तमंडळींचा एकच प्रश्न, सेकंडहँड सेसना, म्हणजे असलंच छोटं विमान, घ्यायची झाली तर इंजिन पारखायचं कसं. घेणार कोणीच नाही, ते सोडा. पण ज्यांचं आयुष्य क्रँकशाफ्ट ग्राइंड करण्यात गेलं त्यांना राहवत नाही, आणि मी विमानांच्या मेंटेनन्समधला, म्हणून उत्तर माझ्या गळ्यात.

पहिलं विचारतात, तास किती झालेत? असल्या विमानांत लायकमिंग कंपनीचं ओ-320 इंजिन असतं, त्याला ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण खोलून नव्यानं बांधायला, साधारण 2000 तास किंवा 12 वर्षं सांगतात. लोकांना 2000 तेवढं ऐकू येतं, वर्षं कोणी ऐकत नाही. रोज उडणारं 1500 तासांचं इंजिन आणि वर्षानुवर्षं हँगरात पडलेलं 600 तासांचं, यात मी पहिलंच घेईन. आपल्याकडचा पावसाळा माहितीय की, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वरच्या बाजूला असतो, इंजिन बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं, मग गंज, मग कॅमवर घासणाऱ्या टॅपेटच्या तोंडाचे टवके उडतात आणि कॅमचे लोब, म्हणजे उंचवटे, झिजायला लागतात. अधनंमधनं जमिनीवरच दहा मिनिटं चालू करतो म्हणणारे भेटतात, त्यानं उलट वाट लागते, तेल पुरतं तापत नाही आणि पाणी आतच राहतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतो ते. इंजिन गरम असताना पिस्टन टॉपला आणून 80 पीएसआय हवा सोडायची, दुसऱ्या गेजवर किती टिकते ते बघायचं. प्रोपेलर एकानं घट्ट धरायचा, सटकला तर हात गेलाच म्हणून समजा. 80 ला 74 आलं की विकणारा खूश. मला आकड्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. सायलेन्सरच्या नळीतनं फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडनं आलं तर इनटेक, तेल ओतायच्या तोंडातनं आलं तर पिस्टनच्या रिंगा, आणि रिंगांचं थोडंफार चालतंय, एक्झॉस्टचं नाही. आकडा आज एक, उडवून आणला की दुसरा. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या इंजिन कंपनीनं 2003 मध्येच कॉम्प्रेशनच्या जोडीला बोरस्कोप लावा म्हणून सांगितलंय. कॅमेरा आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड बघा, रंगाची वर्तुळं मधोमध सारखी असली तर ठीक, एका कडेलाच वेगळा डाग दिसला तर तिथनं तो जळायला लागलाय.

पण कॅमचं दुखणं यातल्या कशातच कळत नाही, कॉम्प्रेशन एकदम झकास येतं. त्यासाठी ऑइल फिल्टर फोडायचा, कटरनंच, हॅकसॉ लावली तर तिचाच कीस आत पडतो आणि मग कुणाचा कीस कुठला हे ओळखत बसा. आतला घड्यांचा कागद काढून पिळायचा, उलगडून उन्हात तिरका धरायचा. चमकलं की लोहचुंबक फिरवायचा. चिकटलं तर पोलाद, म्हणजे कॅम-टॅपेटवर पहिला संशय, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम नाहीतर ब्रॉन्झ. काळे खडे बोटानं चुरडले तर तो कार्बन, घाबरायचं काम नाही.

फिल्टरमध्ये पोलादाचे कण सापडले तर एक सिलिंडर उतरवून आतनं कॅम बघू द्या म्हणायचं. मालक तयार झाला तर भाव बोला. तयार नसला तर ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच किंमत सांगा, लॉगबुकात तास कितीही कमी असू देत.