मुलाखती किती घ्यायच्या? तुम्ही विचारलंत म्हणून

पर्यटनाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी गुणात्मक पद्धत निवडलेला जवळजवळ प्रत्येक जण मला पहिला प्रश्न हाच विचारतो. विषय अर्धवट ठरलेला असतो, कोणाला भेटायचं ते ठरलेलं नसतं, पण आकडा मात्र आजच हवा असतो. संमतिपत्र, उद्दिष्टं, नमुना निवड हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते आणि सरळ मुद्द्यावर येते.

पूर्वी मी "बारा" म्हणून मोकळी व्हायचे. आकडा हवेतला नव्हता. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी 2006 मध्ये घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या 60 मुलाखती तपासल्या. कोड म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याची संशोधकाने केलेली थोडक्यात नोंद. घानातल्या 30 मुलाखतींतून निघालेल्या 109 कोडपैकी 80 पहिल्या सहा मुलाखतींत सापडले होते आणि बाराव्या मुलाखतीपर्यंत 100. म्हणून बारा. मी सांगायचे नाही ते एवढंच, की त्या महिला बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. तुम्ही मात्र होमस्टेचे मालक, गाइड, एकट्याने फिरणारे आणि कुटुंबासह आलेले असे चार गट घेता आणि प्रत्येकी तीन करून बारा भरता. चार गटांचे तीन-तीन म्हणजे बारा नव्हेत, चार वेळा तीनच.

या "बारा"चं फळ एका गठ्ठ्याच्या रूपात माझ्यासमोर आलं. बारा मुलाखती, चार दिवसांत उरकलेल्या, सर्वांत मोठी चौदा मिनिटांची. बारांची मिळून टंकलेली पानं अडतीस, कोड नऊ. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरलेले. आणि पद्धतीच्या प्रकरणात ठसठशीत वाक्य: तिसऱ्या मुलाखतीनंतर नवीन माहिती आली नाही, सबब संपृक्तता गाठली गेली. संपृक्तता म्हणजे नव्या मुलाखतींतून नवीन काही यायचं थांबणं. वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. पहिला प्रश्न होता, "तुम्हाला इथल्या संस्कृतीचा अस्सल अनुभव आला का?" उत्तर बारा वेळा तेच: "हो, खूप छान." असा प्रश्न शंभर जणांना विचारला तरी चौथ्या माणसापासून नवीन काही येणार नाही. उथळ प्रश्नाने संपृक्तता लवकर येते, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. मी फक्त आकडा दिला होता.

त्या गठ्ठ्यात काय काय चुकलं होतं ते नीट बघू, कारण दर वर्षी तेच चुकतं. "अस्सल" हा शब्द संशोधकाचा होता, पाहुण्याचा नाही. तो आधीच तोंडात घातल्यावर पाहुणा फक्त मान डोलावतो. मुलाखती निघण्याच्या वेळी घेतलेल्या, सामान बांधलेलं, शेजारी घरची माणसं. पैसे आणि सुट्टी खर्च करून आलेला माणूस घरच्यांसमोर "सहल फसली" म्हणत नाही. आणि सगळ्यांत महागात पडलेली गोष्ट म्हणजे सगळं टंकलेखन शेवटी केलेलं. पहिल्या दोन मुलाखती त्याच रात्री उतरवल्या असत्या, तर तिसरीच्या आधी प्रश्न बदलता आला असता.

त्याऐवजी असं विचारून बघा: "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगा." किंवा, "फोनमधले शेवटचे दहा फोटो दाखवा, आणि काढावासा वाटला पण काढला नाही असा एखादा क्षण सांगा." मग गप्प बसा. पाच सेकंद शांतता फार लांब वाटते, पण बहुतेक वेळा समोरचा ती स्वतःच भरतो. "म्हणजे कसं?" एवढा जोडप्रश्न पुरतो. "त्यामुळे तुम्हाला अवघडल्यासारखं झालं का?" हा चुकीचा, कारण भावना तुम्ही पुरवलीत.

पर्यटनात आणखी एक मेख आहे. यजमान आणि गाइड यांचा धंदाच अनोळखी माणसाशी गोड बोलण्याचा आहे. माणूस लोकांसमोर एक वागतो आणि आड दुसरं, ही समाजशास्त्रज्ञ गॉफमनची रंगमंच आणि पडद्यामागची बाजू ही कल्पना मॅकॅनेल या अभ्यासकाने 1973 मध्ये पर्यटनाला लावली आणि पाहुण्यांना दाखवलेली मागची बाजूही मांडून ठेवलेली असू शकते असं म्हटलं. विद्यार्थी हे साहित्य आढाव्यात लिहितात आणि मुलाखतीत विसरतात. गाइडची पहिली पंधरा मिनिटं बहुधा त्याचं रोजचं भाषणच असतं. ते तोडू नका, पण तोच विदा, म्हणजे अभ्यासाची सामग्री, मानून उठूही नका. खरं बोलणं पुष्कळदा रेकॉर्डर बंद झाल्यावर सुरू होतं. ते वापरायचं असेल तर तिथेच परवानगी विचारा. नकार आला तर ते तुमच्यापुरतंच ठेवा, आडून घुसवू नका.

कोडिंगचंही तसंच. "अनुभव", "आदरातिथ्य", "संस्कृती" हे कोड नव्हेत, कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या आहेत. "पाहुणे झोपेपर्यंत घरच्यांनी हळू बोलणं" हा कोड. वाचल्यावर त्यात कोण काय करतंय ते दिसलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण प्रस्तावाच्या फॉर्मवर आकड्याची चौकट आहे. आहे, आणि ती रिकामी ठेवा असं सांगायला मला तोंड नाही. एकाच गटाचा, नेमक्या प्रश्नाचा प्रबंध असेल तर "12 ते 18, दर तीन मुलाखतींनंतर आढावा" असं लिहा. आढावा म्हणजे साधा तक्ता: मुलाखत क्रमांक, त्यात आलेले नवे कोड, जुन्या कोडचा बदललेला अर्थ. तिसरा रकाना गाळू नका. हेनिंक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की कोड नवव्या मुलाखतीपर्यंत जमले, पण त्यांचा अर्थ पुरता उमगायला 16 ते 24 लागल्या. आणि ब्रॉन व क्लार्क यांची चिंतनशील थीमॅटिक पद्धत (मुलाखतींतली आशयसूत्रं शोधताना संशोधकाची स्वतःची दृष्टीही जमेस धरणारी) वापरणार असाल तर "संपृक्तता" हा शब्द जपून वापरा. त्यांना तो त्या पद्धतीशी जुळणारा वाटत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

वेळेचा हिशेबही आधी मांडा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला सवय असेल तर चार-पाच तास, नवख्याला आठ. अठरा मुलाखती म्हणजे सवयीच्या हातालाही सत्तर ते नव्वद तास, कोडिंग वेगळं. सॉफ्टवेअरने मसुदा काढलात तरी तो आवाजाशी ताडून बघावाच लागतो, कारण "नाही, म्हणजे… छानच" यातला अडखळा ते बेलाशक गाळतं, आणि कित्येकदा विश्लेषण त्या अडखळ्यातच असतं.

इतकं लिहूनही मला आकडा पटवून देता आलेला नाही, हे मान्य. तीस वरवरच्या मुलाखतींपेक्षा आठ खोल बऱ्या, असं मी आज म्हणते. पण आठच घेऊन त्याही वरवरच्या, असे गठ्ठेही बघितलेत. तेव्हा बारा म्हणणारी मी अगदीच चूक होते का? निदान माझ्या सांगण्यावरून कोणी पाचावर थांबलं नाही.

परवा एकाने विचारलं, तीन आठवडे उरलेत आणि आठच झाल्यात, घाईघाईने आणखी चार घेऊ का? म्हटलं, नको. आठही पुन्हा ऐका, तुमचे प्रश्न कुठे आडवे आले ते शोधा, आणि ज्यांचं बोलणं मध्येच तुटलं अशा दोघांना पुन्हा भेटा. तर म्हणाला, मग दहा मुलाखती लिहू? आठ सहभागी, दहा बैठका, असं लिहा.