तीन भावंडं, पाच सह्या आणि आमचं घर

आमचं घर कुर्टीला आहे, फोंड्याहून खांडेपारकडे जाताना. मुख्य रस्त्यापासून थोडं आत, जिथे पूर्वी काजूचं भाट, म्हणजे बाग होती, तिथे चौदा रो हाऊसेस उभी राहिलीत. त्यातलं नववं आमचं. पहिल्यांदा पाहिलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, राहायला आलो जून २०२४ मध्ये. मधल्या काळात घर बांधायला लागला त्याहून जास्त वेळ कागद जुळवायला लागला.

त्याआधी अकरा वर्षं आम्ही पणजीजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. मी पणजीत नोकरीला, नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, दोन मुलं आणि सासूबाई. पर्वरीत दोन-तीन ठिकाणी चौकशी केली आणि भाव ऐकून गुपचूप परत आलो. फोंडा सासूबाईंनी सुचवलं. नवऱ्याला बोरीचा पूल ओलांडला की वेर्णा, मला पणजीची कदंबा बस. मुलांची शाळा बदलावी लागणार होती, त्यावर घरात आठवडाभर रुसवेफुगवे झाले.

गोव्यात घराचं माप चौरस मीटरमध्ये सांगतात. बिल्डरच्या माणसाने "एकशे अडतीस मीटर" म्हटलं, तेव्हा कोल्हापूरच्या माझ्या भावाने फोनवरच हिशोब केला, "म्हणजे जवळजवळ पंधराशे फूट! मोठंच की!" तो सुपर बिल्टअपचा, म्हणजे भिंती आणि सामाईक जागा धरून सांगितलेला आकडा होता. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा विचारली तर शहाण्णव मीटर. घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याप्रमाणे किंमत कार्पेटवरच सांगायला हवी. जाहिरातीच्या कागदावर मात्र तो आकडा सगळ्यात बारीक अक्षरात होता. भाव ठरला बासष्ट लाख.

पहिली शहाणी गोष्ट आम्ही केली ती अशी, की टोकन देण्याआधी जुलैत परत जाऊन आलो. चार घरं तेव्हा तयार होती. भर पावसात छत्र्या धरून आम्ही त्यांच्या मागच्या बाजूने फिरलो. रांगेतलं पश्चिमेकडचं शेवटचं घर आमच्या मनात भरलं होतं, कारण त्याला बाजूला बाग मिळते आणि त्यासाठीच त्याचे तीन लाख जास्त होते. त्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर आतून रंगाचे फुगे आले होते. बोट लावलं तर पापुद्रा निघून आला आणि खाली ओलं प्लास्टर. गोव्यात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, जुन्या घरांना त्या अंगाला झावळ्यांची झडप लावत, आता पत्रे लावतात. इथे खिडकीवर धड छज्जाही नव्हता. आम्ही बागेचा नाद सोडला आणि दोन्ही बाजूंनी शेजार असलेलं मधलं घर निवडलं. तीन लाख वाचले ते वेगळेच.

मग वकीलबाई. फोंड्यातल्याच, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. काजूचं भाट होतं म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "झोन कुठला?" जमीन ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये असेल तर पुढचं काही वाचायचंच नाही. ती सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये होती, बिगरशेतीची सनदही होती. मग एक-चौदाचा उतारा. महाराष्ट्रात सातबारा तसा आमच्याकडे फॉर्म एक आणि चौदा. तो ऑनलाइन काढता येतो, आणि काढला की नजर आधी कूळ आणि इतर हक्कांच्या रकान्यावर टाकायची. तिथे एखादं नाव बसलेलं असलं की भाटकाराने, म्हणजे मालकाने जमीन विकली तरी कुळाचा किंवा मुंडकाराचा (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क जमिनीबरोबर चालत येतो. आमच्या उताऱ्यात ते रकाने मोकळे होते. बिल्डरने टोकन म्हणून वीस टक्के मागितले होते. वकीलबाईंनी सांगितलं, करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, तसं कायद्यातच आहे. आम्ही पाच टक्के दिले.

पुढची फाईल त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतली. त्यात जुने पोर्तुगीज दस्तही होते, ते वाचून घ्यायला त्यांनी एका म्हाताऱ्या दुभाष्याला गाठलं. एके दिवशी आम्हाला बोलावून त्यांनी एक कागद पुढे सरकवला. जमीन तीन भावंडांची, वडिलांकडून आलेली. मोठा भाऊ आणि त्याची बायको, दोघांच्या सह्या. धाकटा अविवाहित, त्याची एक सही. बहीण लिस्बनला, तिचं मुखत्यारपत्र जोडलेलं.

"बहिणीची सही आहे. तिच्या नवऱ्याची कुठे आहे?"

आम्ही बिल्डरला फोन लावला. तो हसला. "त्याचा काय संबंध? जमीन तिच्या बापाची."

महाराष्ट्रात त्याचं बोलणं चाललं असतं. गोव्यात नाही. इथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १९६१ नंतरही राहिला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, माहेरहून आलेली आणि वारसाहक्काने मिळालेलीसुद्धा. जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. म्हणजे ज्याने ते भाट कदाचित पाहिलंही नसेल अशा लिस्बनमधल्या गृहस्थाच्या सहीवाचून आमच्या नवव्या नंबराचा पायाच कच्चा होता. आणि तयार झालेल्या त्या चार घरांचाही! त्यातल्या दोन घरांत लोक राहायला आले होते. त्यांच्या वकिलाने काय पाहिलं होतं, देव जाणे.

मोठ्या भावाला आम्ही स्वतः जाऊन भेटलो. ओसरीवर आरामखुर्चीत बसलेला, माणूस चांगला. चहा दिला, भाटातल्या काजूंच्या आठवणी सांगितल्या आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "जातलें गो, जातलें." मी मनात म्हटलं, होईल हो, पण कधी? भाडं आणि मुलांच्या नव्या शाळेचे प्रवेश ओसरीवर थांबत नाहीत. बहीण-मेव्हण्याचं भावाशी फारसं पटत नव्हतं, हे आम्हाला तिथल्या मोलकरणीकडून कळलं. शेवटी वकीलबाईंनीच बहिणीला सरळ मेल लिहिला. त्यात जमिनीबद्दल कमी आणि दोन मुलांच्या कुटुंबाबद्दल जास्त लिहिलं होतं, असं त्या नंतर म्हणाल्या. मेव्हण्याने मुखत्यारपत्र केलं, तिथे त्याच्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का घेतला, कुरिअरने पाठवलं. परदेशातला असा कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप ड्युटी भरावी लागते, तेही झालं. या सगळ्यात साडेचार महिने गेले. तीन भावंडं, पाच सह्या.

आमच्या बाजूनेही तोच नियम. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही दोघं हवेत. नवऱ्याने रजा काढली त्या दिवशी सर्व्हर बंद, दुसऱ्यांदा काढली तेव्हा तासाभरात फोटो, अंगठे, झालं.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, आमच्यावर पाच टक्के, म्हणजे तीन लाख दहा हजार. भाव ठरवताना हा आकडा कोणी तोंडातून काढत नाही. आणि किंमत पन्नास लाखांवर असल्याने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा. घर दोघांच्या नावावर, म्हणून दर हप्त्याला दोन फॉर्म. नवरा त्या फॉर्मांना "आपली तिसरी आणि चौथी मुलं" म्हणायचा.

जानेवारी २०२४ मध्ये घर उभं राहिलं. बिल्डर म्हणाला, "चाव्या घ्या, ओसी मागाहून येईल." ओसी म्हणजे घर राहायला वापरण्याचा दाखला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. एकीकडे भाडं, दुसरीकडे हप्ता, महिन्याअखेरीला खात्यात चार हजार उरायचे. पण नगर नियोजनाचा पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य खात्याची एनओसी आणि मग पंचायतीचं ओसी, एवढं झाल्याशिवाय ना घर क्रमांक मिळतो ना वीज आपल्या नावावर होते. शेजारच्या रांगेतल्या एकांनी चाव्या घेतल्या होत्या. ते बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर राहत होते आणि त्यांचं वीजबिल पाहून आमचा मोह विरला. ओसी आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात.

ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प इथून हाकेच्या अंतरावर, पण आमच्या नळाला पाणी सकाळी दीड तास. गच्चीवर दोन टाक्या बसवल्या. पहिल्याच पावसात जिन्याच्या कोपऱ्यात ओल आली. पाच वर्षांपर्यंतचे दोष बिल्डरने दुरुस्त करायचे असतात, म्हणून फोटो लावून लेखी कळवलं आणि तीन हेलपाट्यांनंतर काम झालं.

सासूबाईंनी बिल्डरकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. हॉलचा स्लॅब घालतानाच माटोळीसाठी, म्हणजे गणेश चवथीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीसाठी कड्या ठेवा. भाड्याच्या घरात अकरा चवथी आम्ही माटोळी खिडकीच्या गजांना सुतळीने बांधून काढल्या होत्या. इंजिनीअरने मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. स्लॅब पडला तेव्हा एकही कडी नव्हती. चवथीच्या चार दिवस आधी नवऱ्याने स्टुलावर चढून ड्रिलने सहा भोकं पाडली, अँकर ठोकले आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर सिमेंटची धूळ सांडली. सासूबाई खाली उभ्या राहून हाताने दाखवत होत्या, "जरा डावीकडे. नारळाचा घड तिथे येतो. अजून थोडं."