शुक्रावर थर्मामीटर कोणी लावलं?

नवतपा सुरू होता. त्या नऊ दिवसांत नागपुरात कुलर-एसीवाल्याला जेवायला फुरसत नसते आणि माझा धंदा तोच. रात्री साडेनऊला घरी पोचलो तर सुटीत आलेली माझी भाची आजीला सांगत होती, "आपल्याकडचं ४६ म्हणजे काहीच नाही आजी, शुक्रावर ४६५ डिग्री असते."

आई सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं थर्मामीटर कोनं लावलं?"

"शास्त्रज्ञांनी शोधून काढलं."

"ते समजलं. पन कसं?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

तिला नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करायचा होता. ठरलं होतं थर्माकोलच्या गोळ्यांची ग्रहमाला. ती दरवर्षी चार जण करतात. मी म्हटलं, गोळे राहू दे, आजीचा प्रश्नच घे. बोलायला काय जातं! पुढचे चार महिने रविवार म्हटला की शुक्र.

सुरुवात माझ्या पिशवीतल्या अवजारापासून झाली. एसीची थंड हवा तपासायला मी तापमान मोजायची बंदूक वापरतो. हात न लावता आकडा दाखवते, कारण गरम वस्तूतून न दिसणारे किरण निघतात आणि ती ते पकडते. भाचीला वाटलं, दुर्बिणीला अशीच बंदूक लावली की झालं. मग मी गॅसवर तवा तापवला. बंदूक रोखली, आकडा दोनशेच्या वर. खिडकीची एक जुनी काच मधे धरली, आकडा धाडकन चाळिसावर आला. तवा तेवढाच तापलेला, पण बंदूक आता काच मोजत होती.

शुक्राचं नेमकं हेच आहे. सगळा ग्रह गंधकाम्लाच्या ढगांनी झाकलेला. खालून येणारी ही उष्णता ढगांत अडते आणि बंदुकीला दिसतो तो ढगांचा माथा, शून्याच्याही खाली. म्हणूनच कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं, खाली दमट जंगलं असतील, समुद्र असेल.

गरम वस्तू रेडिओ लहरीही सोडते आणि ढग त्यांना अडवत नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकेत ३ सेंटिमीटरच्या लहरीवर शुक्र 'ऐकला', तर आकडा निघाला ३०० अंशांच्या वर. कोणाचा चटकन विश्वास बसेना. ही ऊर्जा जमिनीची नसून वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची असेल, असं काही जण म्हणाले. तो वाद मरिनर २ यानाने मिटवला. १४ डिसेंबर १९६२ रोजी ते शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं आणि जाता जाता ग्रहाच्या चकतीवरून तीनदा मोजमाप फिरवलं. उष्णता वरच्या थरातून येत असती तर कडा जास्त उजळ दिसायला हव्या होत्या. त्या मंद दिसल्या. म्हणजे भट्टी खाली होती. मला हे फार आवडलं. एसीत बिघाड कुठे आहे ते मीही असंच शोधतो, एका जागचा आकडा घेऊन नाही, चार जागचे आकडे ताडून.

तरी आईचं समाधान होईना. "पन हात लावून कोनं पाह्यलं?"

हात लावला रशियनांनी. म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाने. व्हेनेरा ७ ही कुपी १५ डिसेंबर १९७० रोजी उतरली. उतरली कसली, पॅराशूटने दगा दिला आणि आपटली. सगळ्यांना वाटलं, मेली. नंतर टेप पुन्हा तपासली तेव्हा खरखरीत एक अगदी क्षीण संदेश सापडला, २३ मिनिटांचा. बहुधा आडवी पडल्यामुळे तिचा अँटेना पृथ्वीकडे नीट रोखलेला नव्हता. त्यातही आतला निवड करणारा स्विच अडकलेला, त्यामुळे दाब वगैरे काही नाही, एकच माहिती परत परत: तापमान, ४७५ अंश. मग दाब? कुपी किती वेगाने पडते आहे हे संदेशाच्या बदलत्या लहरीवरून कळत होतं, तापमान हातात होतं, हवेत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे हे व्हेनेरा ४ ने १९६७ मध्येच सांगितलं होतं. या तिन्हींवरून हिशोब मांडला. पृथ्वीच्या सुमारे ९० पट. समुद्रात ९०० मीटर खाली जावं तेवढा. घरच्या कुकरच्या शिट्टीला आतला दाब बाहेरच्या जेमतेम दुप्पट असतो.

ते वाचल्यावर भाचीने हट्टच धरला: आपणही कुपी करायची. स्टीलचे दोन डबे, एकात एक, मधे गिझरमधला काचेचा लोकर. आत माझ्या मल्टिमीटरची तापमानाची तार. ताईच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ठेवायची आणि आतलं तापमान ६० होईपर्यंत घड्याळ लावायचं. पहिल्या खेपेला मी झाकणाला वायरिंगची काळी चिकटपट्टी लावली. इतकी वर्षं या धंद्यात काढून! सहाव्या मिनिटाला ती वितळून टपकली, घरभर घाण वास, ताई अजून बोलून दाखवते. काचेच्या लोकराने भाचीचे हात दोन दिवस खाजले, कारण हातमोजे घाल म्हणायचं मला सुचलं नाही. दुसऱ्या खेपेला, पट्टीऐवजी तार आवळून, ९ मिनिटं टिकली.

मग पुन्हा वाचन. कुपी सोडण्याआधी रशियनांनी ती आतून शून्याखाली गार करून ठेवली होती. पुढच्या यानांत त्यांनी एक क्षार भरला, तो वितळताना उष्णता पिऊन घेतो. आम्ही मेणबत्त्यांचं मेण भरलं आणि डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटाराच्या पाकिटाशेजारी. ५१ मिनिटं! भाची ओव्हनसमोर फतकल मारून दर मिनिटाला आकडा लिहीत होती. साठीच्या अलीकडे आकडा हलेचना, मेण वितळत होतं. तो आलेखातला सपाट तुकडा तिने प्रदर्शनाच्या तक्त्यावर लाल पेनने काढला. बाजूला लिहिलं: व्हेनेरा १३, १९८२, १२७ मिनिटं.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. पहिलं आलं ज्वालामुखीला, तोच तो, खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला. पण एका परीक्षकांनी विचारलं, स्विच अडकला होता तर दाब कसा कळला, आणि पोरीने न अडखळता सांगितलं. मी मागे उभा होतो.

आईला शेवटी सगळ्यात आवडली ती व्हेनेरा १४ ची गोष्ट. जमीन किती कठीण आहे ते पाहायला तिने एक दांडा खाली टाकला, तो नेमका तिच्याच कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर. "एवढ्या दूर जाऊन सोताचंच झाकन मोजलं?" पदर तोंडाला लावून हसली.

परवा संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडत होतो. पश्चिमेला शुक्राची चांदणी ठळक दिसत होती. मी आईला सांगितलं, आपली इस्रोही तिकडे यान पाठवणार आहे, मार्च २०२८ ला सोडायचं ठरलंय, १२३६ कोटी मंजूर झालेत.

"उतरनार का खाली?"

"नाही, वरूनच घिरट्या घालणार."

"मंग थे काच मधात येईन ना."

म्हटलं, आई, त्यात रडार आहे, ढगांतून पार जातं. ती थोडा वेळ चांदणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली जाशीन तं कुलरमधे पानी टाक. कवापासून नुसता गरम वारा फेकून राह्यला."