वरात आणि ब्रास बँड

आज मावसभावाच्या वरातीत डीजे नव्हता, ब्रास बँड होता आणि काय सांगू, अजून पाय थांबत नाहीयेत!! डीजेवर पण नाचतो आपण पण ते वेगळं, तिथे आवाज नुसता छातीवर आदळतो. बँडमधला ट्रंपेट माणूस श्वास घेऊन वाजवतो ना, मग ओळ संपली की तो दम घ्यायला थांबतो आणि तेवढ्या फटीत ताशावाला कडकड करून घुसतो, बस्स तिथेच पाय उचलले जातात, शिकवायला लागतच नाही कोणी. ट्रंपेटला दाबायच्या कळा फक्त 3, बाकी सगळे सूर ओठ आणि फुंकर, आणि हे सगळं चालता चालता! खालच्या सुरात युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) घुमत असतो, वर क्लॅरिनेट गाण्यातल्या हरकती काढतो (क्लॅरिनेट लाकडी वाद्य आहे खरं तर पण त्याच्याशिवाय आपला बँड पूर्णच होत नाही). आणि नाच रंगला की मास्तर तेच कडवं परत परत फिरवतात, समोरच्यांच्या पायांकडे बघून लय वाढवतात. पेनड्राईव्हला हे कसं जमणार?

पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार बँड ऐकायला लोक मुद्दाम रस्त्यावर उभे राहतात ते उगाच नाही. बरीचशी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात, कोट-टोपी इंग्रजांच्या लष्करी बँडवरून आली, पण नाच शंभर टक्के आपला. मामी तर गुडघ्याला पट्टा बांधून नाचली. घरात पुढचं लग्न ज्याचं असेल त्याने बँडच सांगा प्लीज, आणि आत्ताच बुक करा, लग्नसराईत मिळत नाहीत.