तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधनातली लबाडी चव्हाट्यावर का आणायची?

संशोधनातल्या फसवणुकीबद्दल मी कुठेही बोलले की एक प्रश्न हमखास येतो. कधी एखादे ज्येष्ठ प्राध्यापक बाजूला घेऊन विचारतात, कधी लसींबद्दलच्या अफवांनी जेरीला आलेले डॉक्टर विचारतात: "आधीच लोकांचा विज्ञानावरचा विश्वास डळमळलाय. त्यात तुम्ही हे सगळं चव्हाट्यावर आणता. कशासाठी?" विचारणाऱ्याला विज्ञानाची काळजी असते, मलाही आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा प्रश्न ऐकला की मला पीएचडीचा विद्यार्थी आठवतो. त्याने एक गाजलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचलेला असतो. त्यातला प्रयोग आधी स्वतः करायचा आणि मग त्याच्या पुढे जायचं, असा त्याचा बेत असतो, पण प्रयोग काही केल्या जमत नाही. तो नमुने बदलतो, रसायनं बदलतो, उपकरण पुन्हा जुळवून घेतो. पेपरच खोटा असेल ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. एवढ्या मोठ्या शोधपत्रिकेत छापून आलंय, म्हणजे आपलाच हात कच्चा, असं तो धरून चालतो. बहुतेकदा गाईडचंही तेच मत असतं. खोट्या पेपरची किंमत सगळ्यात आधी हा मुलगा किंवा ही मुलगी मोजते, आणि तीही आपण ती मोजतोय हे माहीत नसताना.

यान हेंड्रिक शोन याचं प्रकरण मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगते. बेल लॅब्ज या नावाजलेल्या संस्थेतला हा तरुण पदार्थवैज्ञानिक. सेंद्रिय स्फटिकांमध्ये अतिवाहकता (म्हणजे वीज अजिबात अडथळा न येता वाहणं), एका रेणूएवढा ट्रान्झिस्टर, असे एकाहून एक थक्क करणारे निष्कर्ष त्याच्या नावावर प्रसिद्ध होत होते. 2001 साली तर सरासरी दर आठ दिवसांनी त्याचं नाव असलेला एक पेपर येत होता. त्याचे प्रयोग करून पाहण्यात अनेक प्रयोगशाळांनी पैसा आणि माणसांची उमेदीची वर्षं घातली, आणि कोणालाच ते जमले नाहीत.

तो पकडला गेला ते एका बारीकशा खुणेवरून. कोणत्याही मोजमापात थोडी थरथर येतेच. त्याला नॉइज म्हणतात. ती यादृच्छिक असते, त्यामुळे एकच प्रयोग दोनदा केला तरी थरथर जशीच्या तशी पुन्हा येत नाही. शोनच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत मात्र ती हुबेहूब सारखी निघाली. लिडिया सोन आणि पॉल मॅक्यूएन या दोन वैज्ञानिकांनी 2002 साली हे दाखवून दिलं. चौकशी समितीने मूळ डेटा मागितला तेव्हा त्यातला बहुतेक उरलेलाच नव्हता, आणि नीट ठेवलेल्या प्रयोगवह्याही नव्हत्या. 24 आरोपांपैकी 16 प्रकरणांत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष समितीने काढला. 'सायन्स' या शोधपत्रिकेने त्याच वर्षी त्याचे आठ पेपर मागे घेतले, 'नेचर'ने पुढच्या वर्षी सात.

"मग छापण्यापूर्वी तपासणारे समीक्षक काय करत होते?" असं श्रोते विचारतात. समीक्षकापुढे सहसा मूळ मोजमापं नसतात. लिहिणाऱ्याने ती खरोखर घेतली आहेत हे गृहीत धरूनच तो वाचतो. ही पद्धत चुका पकडण्यासाठी आहे, ठरवून केलेली बनवाबनवी तिच्यातून सहज निसटते.

आता डॉक्टरांच्या शंकेकडे येते. लसींवरचा विश्वास डळमळण्यात ज्या पेपरचा मोठा वाटा आहे, तो ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय शोधपत्रिकेत 1998 साली आला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध असू शकतो, असं त्यात सुचवलं होतं. त्यात फक्त 12 मुलं होती. लसीविरुद्ध दावा लावू पाहणाऱ्या पालकांच्या वकिलाकडून आलेला पैसा वेकफिल्ड यांनी उघड केला नव्हता. या पैशाची गोष्ट पत्रकार ब्रायन डीअर यांनी 2004 मध्ये उघड केली. त्यानंतर दहा सहलेखकांनी त्या पेपरातून काढलेल्या अर्थापासून अंग काढून घेतलं. तरीही संपूर्ण पेपर मागे घेतला गेला तो 2010 मध्ये. बारा वर्षं तो पेपर एका नामांकित शोधपत्रिकेच्या शिक्क्यासह उभा होता आणि घाबरलेल्या आईवडिलांना दाखवला जात होता. तो लवकर आणि स्पष्ट शब्दांत खोडला गेला असता, तर डॉक्टरांच्या हातात उत्तर असतं. विश्वासाचं नुकसान या दिरंगाईने केलं, असं माझं ठाम मत आहे.

ज्येष्ठ प्राध्यापकांचं म्हणणं थोडं वेगळं असतं. असले विषय संस्थेच्या आतच मिटवावेत, असं त्यांना वाटतं. पण आत बोलायचं कोणी? ज्याला गडबड दिसते तो बहुतेक वेळा सगळ्यात कनिष्ठ असतो. त्याची फेलोशिप, प्रबंधावरची सही, पुढच्या नोकरीसाठीचं शिफारसपत्र, सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डीडरिक स्टापेल वर्षानुवर्षं प्रयोग न करताच डेटा तयार करत होते. 2011 साली तीन तरुण संशोधकांनी पुरावे जमवून विभागप्रमुखांना गाठलं, तेव्हा ते बाहेर आलं. पुढे त्यांचे 50 हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. त्या तिघांबद्दल मला अपार आदर आहे. पण एखाद्या क्षेत्राची शुद्धता तीन तरुणांच्या धाडसावर सोडून द्यायची, हे मला मान्य नाही.

मी स्वतः काही पथ्यं पाळते. चौकशीचा अहवाल किंवा शोधपत्रिकेचं निवेदन हाती नसेल तर कोणाचं नाव घेत नाही. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याची ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही. आणि चूक व लबाडी एका मापाने मोजत नाही. हे शेवटचं सांभाळणं फार गरजेचं आहे, कारण मागे घेतलेला प्रत्येक पेपर कलंक ठरू लागला तर प्रामाणिक माणूसही तो मागे घ्यायला धजावणार नाही.

फ्रान्सिस अर्नोल्ड यांना 2018 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी 'सायन्स'मध्ये आलेला विकरांवरचा (एन्झाइम्सवरचा) एक पेपर त्यांनी 2020 च्या जानेवारीत मागे घेतला आणि ती बातमी स्वतःच जाहीर केली. प्रयोग पुन्हा करून तेच निष्कर्ष येत नव्हते आणि प्रयोगवहीतल्या नोंदी व मूळ डेटा अपुरा होता, हे निवेदनात लिहिलं होतं. त्यांनी माफीही मागितली, आणि त्या काळात कामाच्या धबडग्यात आपण आपलं काम नीट केलं नाही, असं सांगितलं. यामुळे त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला.

याच्या उलट, 'आकृत्यांबाबत काही शंका उपस्थित झाल्याने' एवढ्या एका ओळीत पेपर मागे घेतल्याची निवेदनं मी कितीतरी वाचली आहेत. कोणती आकृती? मूळ डेटा सापडला का? निष्कर्षांपैकी काही शिल्लक राहिलं की सगळंच गेलं? त्या पेपरावर पुढचं काम उभं करणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरं हवीच असतात, आणि शोधपत्रिकेने ती त्याच पानावर द्यायला हवीत.