दोन शब्द

एप्रिलमधली दुपार, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑफिस. टेबलावर पब्लिक स्पीकिंग ट्रेनरचं गुळगुळीत ब्रोशर आणि ते उडू नये म्हणून वर शेंगाचटणीची बरणी. ब्रोशरात आठ फोटो. आठहीमध्ये ट्रेनरच बोलतोय, एका हातात माईक आणि दुसरा हात आभाळाकडे. बाकीची माणसं पाठमोरी. शिकणाऱ्याच्या हातात माईक आहे, असा फोटो एकही नाही. ट्रेनर निवडायचं निम्मं काम खरं तर इथंच उरकतं, पण एवढ्यावरून कोटेशन नाकारलं तर एचआरवाल्यांना पटत नाही.

आपल्याकडे भाषण म्हणजे पाठांतर. १ ऑगस्टला शाळेचं पटांगण, ओलसर सतरंज्या, टिळकांच्या फोटोला हार. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' एका दमात व्हायचं, मग शेंगा यायच्या आणि टरफलांपाशी गाडी हमखास अडायची. शेंगाचटणीच्या गावातली पोरं, पण टरफलांना अडायची! पहिल्या रांगेतून बाई नुसते ओठ हलवून पुढचं वाक्य पुरवायच्या. 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' हे मात्र आजवर कुणी विसरलेलं नाही. तोच पोरगा आता मार्केटिंगला असतो आणि बायरसमोर स्लाइड वाचून दाखवतो. ओठ हलवायला बाई नसतात, एवढाच फरक.

त्याला पुन्हा पाठांतर शिकवणारा ट्रेनर नको, बोलायला उभं करणारा हवा. तो कसा ओळखायचा? घड्याळ लावून. एकाचं बोलणं ३ मिनिटं, त्यावर सांगणं ४ मिनिटं, म्हणजे माणशी ७. बारा जणांची एक फेरी ८४ मिनिटांत होते. दिवसाचे कामाचे तास ६ धरले तर तीन फेऱ्या बसतात आणि ट्रेनरलाही पावणेदोन तास उरतात. हीच बॅच चाळीसची केली की एका फेरीलाच ४ तास ४० मिनिटं लागतात. मग ट्रेनर फेरीच काढून टाकतो, स्वतः बोलतो, टाळ्या घेतो, ग्रुप फोटो काढतो. 'माणशी खर्च कमी पडतो' म्हणून चाळीस जण कोंबणारा एचआर आणि हो म्हणणारा ट्रेनर, दोघंही एकमेकांना शोभून दिसतात.

डेमो मागावाच. आपलेच तीन कर्मचारी द्यावेत आणि अर्धा तास. त्यात ट्रेनर स्वतः दहा मिनिटांच्या वर बोलला तर चहा पाजून निरोप द्यावा. तो चूक कशी सांगतो तेही ऐकावं. 'छान, पण आत्मविश्वास वाढवा' याचा कुणाला उपयोग नाही. 'भाव सांगताना तुमचा आवाज खाली गेला, मग बायर घासाघीस करणारच' असं सांगणारा ट्रेनर हाती लागला तर सोडू नये.

प्रमाणपत्रांचं म्हणाल तर या धंद्याला सरकारी परवाना लागत नाही. कुणीही उद्यापासून ट्रेनर. टोस्टमास्टर्सची पदवी बऱ्याच जणांकडे असते. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था. तिथे वक्त्याचे 'अं' मोजायला वेगळा माणूस बसतो आणि ५ ते ७ मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल दिवा लागतो. (आपल्याकडच्या सत्कार समारंभांना हा लाल दिवा कधी लागणार, देव जाणे.) शिस्त उत्तमच, पण माणूस पुष्कळ बोलला आहे एवढंच त्या पदवीवरून कळतं. शिकवता येतं का, हे त्याच्या जुन्या बॅचमधल्या दोघांना फोन करून विचारावं. फोन एचआरला नको, शिकलेल्यांनाच करावा.

भाषेचा घोळ इथला खास आहे. सुपरवायझर सकाळी शिफ्टला मराठीत सुरुवात करतो, तेलुगूत समजावतो, कन्नडमध्ये रागावतो. १४ नंबरच्या मागाचा माल का परत आला आणि आज काय बघायचं, हे त्याला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. त्याला 'गुड मॉर्निंग लेडीज अँड जंटलमन' शिकवून काय साधणार? ट्रेनरला तेलुगू येत नसलं तरी चालतं. तेलुगूत बोलू देणारा असला, की पुरे.

बाकी किरकोळ. सलग दिवसापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतराने तीन अर्धे दिवस घ्यावेत, म्हणजे मधल्या काळात कामावर बोलून बघता येतं. पुण्याचा ट्रेनर संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येणार, तेव्हा मुक्कामाचा खर्च कोणाचा ते आधी लिहून घ्यावं. नोंदणी असेल तर बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही धरावा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत बॅच ठेवू नये, हे सोलापुरात सांगायला नको. आणि मालकांनी उद्घाटन करून निघून जावं. ते मागच्या खुर्चीवर बसून राहिले, की पोरांना पुन्हा टरफलं आठवतात.

एक माणूस मात्र प्रत्येक बॅचमध्ये असतो. पंचवीस वर्षं मागांत काढलेला जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा. काहीही विचारलं की हसून मान डोलावतो आणि बोलायला उठला की ओरडतो. 'आवाजावर ताबा नाही' अशी नोंद करून ट्रेनर मोकळा होतो. ८ तासांसाठी कायद्याने घालून दिलेली आवाजाची मर्यादा ९० डेसिबलची, आणि मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. कान जातात तेव्हा आधी बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात, निम्मा प्रश्न कळतच नाही, मग माणूस मान डोलावतो. त्याचं नाव बॅचच्या यादीतून काढून आधी कान तपासायच्या यादीत घालायला हवं. ती यादी बहुतेक ठिकाणी करायचीच राहिलेली असते.